बारावं ताट

"आधी ताट सरकव, मग तू जा. आणि रुमाल पडला ना, तर तुझं काही खरं नाही."

इनासनं पोटावर पडून कुडाच्या खालच्या भोकातून ताट पलीकडे ढकललं. नाताळची दुपार, अंगात नवे कोरे पांढरे कपडे, आणि हा मातीत लोळतोय. इनास माझा भाऊ. तो पाच वर्षांचा होता, मी नऊची. घरात आईच्या खालोखाल माझंच राज्य चालायचं, निदान इनासवर तरी.

"आजीनं विचारलं, कोणी पाठवलं, तर?" भोकात अर्धा शिरून त्यानं विचारलं.

"सांग, आईनं पाठवलं."

"पण आईनं नाही पाठवलं."

"नाताळच्या दिवशी थोडं खोटं चालतं. जा आता!"

असल्या बाबतीत मी कधी अडून राहिलेली नाही. तेव्हाही नाही आणि आता सत्तरीला टेकले तरी नाही. आणखी एक आधीच सांगून टाकते. आम्ही वसईकडचे ख्रिस्ती, आमची घरातली बोली वेगळी. ती जशीच्या तशी लिहिली तर तुम्हाला निम्मी कळायची नाही. म्हणून सगळ्यांना शाळेतल्या मराठीत बोलायला लावतेय. आजीला ते मुळीच आवडलं नसतं.

आमच्याकडे नाताळला चर्चमधली सकाळची मिस्सा झाली की आळीत घरोघर फराळाची ताटं जातात. करंज्या, शंकरपाळे, केकचा तुकडा, आणि वर विणलेला पांढरा रुमाल. ताटं न्यायची पोरांनी. ज्याच्याकडे ताट जातं तो ते रिकामं परत करत नाही. स्वतःच्या घरातलं काहीतरी घालतो, आणि काहीच नसलं तर मूठभर साखर घालतो. रिकामं ताट परत पाठवणं म्हणजे तोंडावर दार लावण्यासारखं. हे आम्हाला कोणी शिकवत नाही, चालायला लागल्यापासून ते ठाऊकच असतं.

त्या वर्षी आईनं अकरा ताटं भरली. बारावं मी भरलं. प्रत्येक ताटातून एकेक करंजी उचलली आणि केकच्या तुकड्यांच्या कडा कापल्या. अकरा घरांना त्या नाताळात कमी फराळ मिळाला, त्याबद्दल मला अजून काही वाटत नाही.

बारावं ताट होतं सिमाव काकाच्या घरासाठी. तिथे माझी आजी होती.

जून महिन्यात आमच्या घराची वाटणी झाली होती. माझे पप्पा बस्त्याव थोरले, सिमाव काका धाकटा. भांडण कशावरून झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही, आणि मला वाटतं त्या दोघांनाही नंतर नीट आठवत नव्हतं. आळीतले दोन जाणते पुरुष पंच म्हणून बसले. केळीची वाडी वाटली, विहिरीचे वार वाटले, तांब्यापितळेची भांडी वाटली. पाटा-वरवंटा काकाकडे गेला, जातं आमच्याकडे राहिलं. लांबलचक घराच्या मधोमध भिंत आली आणि अंगणात बांबूचा कूड.

मग पंचांपैकी एकानं विचारलं, "आणि म्हातारा-म्हातारी?"

तेही पाच मिनिटांत झालं. आमच्या वाडीला पाणी सोडायला माणूस हवा होता, म्हणून आजा आमच्याकडे. अग्नेस काकीचे दिवस भरत आले होते, बाळंतपण करायला कोणी हवं होतं, म्हणून आजी काकाकडे. दोघांनाही पोटाला दोन वेळ मिळेल, मग आणखी काय पाहिजे? असं पंच म्हणाले. दाराआडून मी ऐकलं होतं.

शेवटी उरला नाताळचा गोठा. येशूजन्माचा देखावा मांडायचे लाकडी पुतळे. आजीचा बाप सुतार होता. त्यानं ते फणसाच्या लाकडातून कोरून तिला लग्नात दिले होते. मरिया, योसेफ, तीन राजे, एक गाढव आणि बोटाएवढं बाळ. मेंढपाळ होता, त्याला वाळवीनं खाल्लं. पप्पांनी मरिया, योसेफ आणि तीन राजे घेतले. काकानं बाळ आणि गाढव घेतलं.

"पाच इकडे, दोनच तिकडे?" एक पंच म्हणाला.

"पण बाळ मुख्य आहे," दुसरा म्हणाला.

भाग सारखे झाले म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. पुतळे कोणाचे, हे कोणी विचारलं नाही.

आजी गेली तेव्हा मी तिच्याशी बोलले नाही. घर एकच, फक्त दार वेगळं, पण ती माझ्या अंथरुणाशेजारून उठून गेली होती. रोज संध्याकाळी माझी वेणी घालायची ती, आणि त्या दिवशी अर्धी वेणी तशीच सोडून लुगड्याचं गाठोडं उचलून निघाली. मला वाटलं, तिला काकाचं येणारं मूल माझ्यापेक्षा जास्त आवडतं. मी ठरवून टाकलं की जातेस तर जा. सहा महिने मी त्या कुडाकडे पाठ करून खेळले. आणि सहा महिने रोज रात्री तिच्या उशीवर डोकं ठेवून झोपले. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

कूड विणायला दोघा भावांनी आजालाच लावलं, कारण कूड विणावा तर आजानंच. खाली एक भोक राहिलं. पप्पांनी विचारलं तर आजा म्हणाला, "कुत्र्याला जायला." आमच्याकडे कुत्रा नव्हता.

संध्याकाळी पलीकडे आजी कोंबड्यांना हाका मारायची, आणि तेवढा वेळ आजा आमच्या अंगणात येऊन बसायचा. बोलायचा नाही. पोरांची मनं मोडायची नाहीत, आळीत हसं करायचं नाही, म्हणून कूड ओलांडायचा नाही, असं त्या दोघांनीही ठरवलं असावं. हाका थांबल्या की उठून आत जायचा.

त्या नाताळात पप्पांनी बाजारातून चिनी मातीचं नवं बाळ आणलं. ते इतकं मोठं निघालं की मरियेच्या कमरेला लागत होतं. आजानं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "हे पोर शाळेत जायच्या वयाचं आहे. याला गव्हाणीत निजवायचं, की याचं नाव घालायचं?" आई तोंडाला पदर लावून आत पळाली. पप्पा चिडले. आजानं गोठा मांडला, पण गव्हाणी मोकळीच ठेवली. नुसता पेंढा पसरला.

तर, बारावं ताट गेलं. मी कुडाशी उभी. आजीला मी भेटायला जाणार नव्हते, माझा मान मोठा होता. पण नाताळला तिनं माझ्या आईच्या हातची करंजी खाल्ली नाही तर मला माझी करंजी गिळवेना, हेही खरं होतं. मला ती परत हवी होती, बस्स. ताटानं ती कशी परत येणार, याचा विचार नऊ वर्षांच्या डोक्यानं केला नव्हता.

इनास बराच वेळ आला नाही. आला तो रस्त्यानं वळसा घालून, दोन्ही हातांनी ताट धरून, जीभ दातांत धरून, एकेक पाऊल टाकत.

"इतका वेळ काय करत होतास?"

"आजी एकटीच आहे. काका-काकी जेवायला काकीच्या आईकडे गेलेत. क्लाराला सर्दी झालीय म्हणून आजी तिला घेऊन बसलीय." क्लारा म्हणजे काकाची पाच महिन्यांची मुलगी.

"करंजी खाल्ली तिनं?"

"नाही. वास घेतला. मग आत गेली. कपाट हलवून बघितलं, उघडलं नाही. मग डबे वाजवले. मग बाहेर येऊन नुसती उभी राहिली. मग हे घातलं, आणि म्हणाली, जपून ने."

मी रुमालाला हात घालणार तेवढ्यात ओट्यावरून आजाची हाक आली. "कोणाचं ताट आलं रे?"

इनास माझ्याआधी पोचला. "आजीचं!"

पप्पा आरामखुर्चीत पेंगत होते ते ताडकन उठले. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. आजानं रुमालाचं टोक धरून हळूच उचललं.

ताटात पेंढ्याच्या चार काड्या होत्या, आणि त्यावर फणसाचं, बोटाएवढं, काळवंडलेलं आमचं बाळ.

"अगं बाई!" आई म्हणाली.

"हे कोणी आणलं?" पप्पांचा आवाज चढला. "उद्या सिमाव म्हणेल आम्ही चोरलं. पोलीस-पाटलापर्यंत जाईल तो! ताट कोणी पाठवलं होतं? रेजिना!"

पूर्ण नावानं हाक मारली की समजायचं आता धडगत नाही. "मी," मी म्हणाले. "मारायचं तर मारा. पण तिला नाताळ आहे की नाही?"

कोणी मारलं नाही. आजा ताटाकडे बघत होता. मला वाटलं, आता हा रडणार, आणि मी घाबरले, कारण आजाला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. पण तो रडला नाही. आत गेला, मिस्सेला घालायचा काळा कोट चढवला आणि बाहेर येऊन म्हणाला, "ताट परत करायला पाहिजे."

"इनास देऊन येईल," पप्पा म्हणाले. "त्या भोकातूनच. चुपचाप."

"रिकामं?"

"चार करंज्या घाला."

"बस्त्याव, तिनं बाळ पाठवलंय. मी करंज्या पाठवू?"

आजा गोठ्यापाशी गेला. योसेफ उचलला, कोटाच्या उजव्या खिशात. तीन राजे डाव्या खिशात. मरियेला त्यानं हातात धरलं.

"बा, वाटणी झालीय," पप्पा म्हणाले. आता आवाज खाली आला होता. "पंचांसमोर झालीय."

"तुमची झाली. मला कुठं कोणी विचारलं होतं?"

रस्त्यानं गेला असता तर वीस पावलं जास्त पडली असती. तो सरळ कुडाशी गेला. मरियेला माझ्या हातात दिलं, खाली बसून दोन गाठी सोडल्या आणि तीन बांबू उपसून बाजूला ठेवले. त्याच्याच हातच्या गाठी होत्या, शोधाव्या लागल्या नाहीत. मग मरियेला परत घेऊन आणि बाळाचं ताट धरलेल्या इनासला पुढे घालून आजा पलीकडे गेला.

आजी काकाच्या ओट्यावर क्लाराला मांडीवर घेऊन बसली होती. लाल लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, नाताळसाठी नटलेली आणि बघायला कोणी नाही. शेजारी काकाचा गोठा. त्यात एकटं गाढव, आणि मागे जुन्या कॅलेंडरमधून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेले मरिया-योसेफ.

"आलास?" आजी म्हणाली.

"ताट परत करायला आलो."

"त्याला कोट कशाला घातलास? उकडत नाही?"

"खिसे लागत होते," आजा म्हणाला आणि एकेक राजा काढून तिच्यापुढे ठेवू लागला. आजी हसायला लागली. तिच्या हसण्यानं क्लारा दचकून रडायला लागली, तर आजानं तिला उचलून खांद्यावर घेतलं. "वाळलीस तू," तो म्हणाला. "आणि तू पांढरा झालास," आजी म्हणाली. सहा महिन्यांनी भेटलेली दोन माणसं एवढंच बोलली. मग दोघं मिळून गोठा मांडायला लागली. गाढव डावीकडे की उजवीकडे, यावर त्यांचं जुनंच भांडण झालं.

मी कुडाच्या भगदाडात उभी होते. पाय उचलत नव्हता.

"ती कोण उभी आहे?" आजीनं मान न वळवता विचारलं. "सहा महिने तोंड दाखवलं नाही, ती?"

"तूच गेलीस!" माझा आवाज फाटला. "माझी अर्धी वेणी टाकून गेलीस!"

आजीनं आता वळून पाहिलं. "मी गेले? अगं वेडे, मला नेलं. पाटा-वरवंटा नेला आणि त्याच्या मागोमाग मला नेलं. पाट्याला कोणी विचारतं का, कुठं जायचंय म्हणून?" तिनं हात पुढे केला. "ये इकडे. ती वेणी कोणी घातलीय तुझी, उंदराच्या शेपटीसारखी?"

मी धावले. मिठी मारून मी इतकी रडले की तिच्या लुगड्याचा खांदा ओला झाला. तिनं ओट्याच्या पायरीवर मला पुढ्यात बसवलं आणि वेणी सोडून पहिल्यापासून घातली. तिची बोटं केसांतून फिरत होती, आणि त्याहून जास्त सुख मला पुढच्या आयुष्यात फार वेळा मिळालेलं नाही.

थोड्या वेळानं आई आली, डोक्यावर मटणाचं पातेलं घेऊन, काखेत फुग्यांची टोपली. आमच्याकडे फुगे म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे. पप्पा तेवढे घरात राहिले. पण रिकाम्या घरात, मटण पलीकडे गेलेलं असताना, माणूस किती वेळ ताठ बसणार? अर्ध्या तासानं तेही आले आणि जणू बांबू बघायलाच आल्यासारखे कुडाशी रेंगाळत राहिले. आजीनं त्यांचं पान वाढलं.

चारच्या सुमाराला काका-काकी परतले. आपल्या ओट्यावर आख्खं कुटुंब जेवून पसरलेलं पाहून काका अंगणातच थिजला. त्याच्या पुठ्ठ्याच्या मरिया-योसेफावर इनास ढेकर देत बसला होता.

"हे काय चाललंय?" काकानं विचारलं.

"बस, सिमाव," आजा म्हणाला. "जेवलास?"

"जेवलो."

"मग पाणी पी आणि ऐक. बस्त्याव, तूही ये." आजा उठून उभा राहिला. क्लारा अजून त्याच्या खांद्यावर झोपलेली होती, म्हणून तो हळू आवाजात बोलत होता. "तुम्ही वाडी वाटली, मी बोललो नाही. विहीर वाटली, बोललो नाही. कूड मला विणायला सांगितलात, विणला. पुतळेसुद्धा पाहिजे तर तीन राजांच्या सणानंतर परत वाटून घ्या. पण आम्ही दोघं वाटणीत नाही. पन्नास वर्षांपूर्वी चर्चमध्ये आल्तारासमोर शब्द दिलाय मी हिला. तो पंचांना मोडता येत नाही."

"मग राहणार कुठं?" पप्पांनी विचारलं.

"विहिरीजवळची अवजारांची खोली. ती कोणाच्या वाट्याला आलेली नाही, तुम्ही विसरलात. मी जूनपासून बघून ठेवलीय. छप्पर तेवढं शाकारायला पाहिजे."

काकीनं आजाच्या खांद्यावरून क्लाराला घ्यायला हात पुढे केले, मग तसेच मागे घेतले. "सकाळी दूध मी देईन," ती म्हणाली. आई लगेच म्हणाली, "दुपारचं जेवण आमच्याकडून." बायकांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. पुरुष एकमेकांकडे न बघता उठले आणि खोलीचं छप्पर बघायला गेले. कुडातलं ते भगदाड पुन्हा कोणी बुजवलं नाही. पुढे कूडच कुजून पडला.

आजा-आजी त्या खोलीत अकरा वर्षं राहिली. दर नाताळचा गोठा तिथेच मांडला जायचा, सगळ्यांचा मिळून.

त्या ताटाची मात्र गोष्ट झाली. आजीनं समेटासाठी बाळ धाडलं, असं पुढच्या वर्षी पाद्रींनी उपदेशात सांगितलं. पप्पा म्हणायचे, आई भारी हुशार, बरोबर वर्मावर बोट ठेवलं. काका म्हणायचा, तिनं मला लाज आणली. आजा म्हणायचा, तिनं मला बोलावलं, आणि हे सांगताना तो मिशीतल्या मिशीत हसायचा. आजी यांपैकी कोणालाच हो म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही.

मी विचारलं ते माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी. आजा तोवर गेला होता. आजी दारात बसून माझी वेणी घालत होती, शेवटची.

"आजी, खरं सांग. तू बाळ का पाठवलंस?"

तिनं वेणीचा पेड ओढून घट्ट केला. "का म्हणजे? ताट आलं होतं ना. रिकामं कसं पाठवू?"

"एवढंच?"

"एवढंच काय? अग्नेसनं फराळाच्या कपाटाला कुलूप लावलं होतं. वाईट नव्हती गं ती, उंदरांचा घोर होता तिला. साखर बघितली, डब्यात दाणा नव्हता. आणि असती तरी ती तिची. मला घालायचं होतं माझ्यातलं." तिनं दुसरा पेड हातात घेतला. "मी घरभर फिरले, रेजू. त्या घरात माझ्या म्हणाव्यात अशा दोनच वस्तू सापडल्या. बाळ आणि गाढव. आता सणाच्या दिवशी ताटात गाढव घालून पाठवू?"

ती खळखळून हसली. मीही हसायला गेले आणि हसता हसता मला हुंदका आला. मागे वळून तिला धरावं असं वाटत होतं, पण वेणी तिच्या हातात होती. "हलू नकोस," ती म्हणाली, "भांग वाकडा होईल."

दुसऱ्या दिवशी सासरी जाऊन मी लग्नाची पेटी उघडली. आईनं दिलेली लुगडी, काकीनं दिलेली भांडी, सगळं काढलं. तळाशी तो विणलेला पांढरा रुमाल होता, घडी घातलेला आणि थोडा जड. मी उलगडून पाहिलं. आत गाढव होतं.